मृण्मयीचे पेढे

वैजू,

मृण्मयीचे पेढे कुणी खाल्ले ते परवा कळलं.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. हे मी इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकणार आहे, तेव्हा आपले वाचक वाचतील आणि तू वाचणार नाहीस, एवढं मला समजतं. पण 'वैजयंतीबाई गेल्या, त्या अशा होत्या' असं लिहायला बसले तर दोन ओळींपुढे जाईना. तू कशी होतीस ते मला परवापर्यंत माहीत होतं. आता नाही. म्हणून तुलाच विचारत बसलेय.

ज्यांनी हे पान आजच उघडलं असेल त्यांच्यासाठी चार वाक्यं सांगते, मध्ये बोलू नकोस. मी शोभा. लालबागला माझं मसाल्याचं दुकान आहे आणि मागे मसाला कुटायचे डंख. वैजू परळला राहायची, शाळेत भूगोल शिकवायची. अकरा वर्षं आम्ही दोघींनी इथे एकाच प्रकारच्या पुस्तकांबद्दल लिहिलं: बाईचं बाईवर, पुरुषाचं पुरुषावर प्रेम बसतं आणि शेवटी सगळं नीट होतं, अशा हल्लीच्या कादंबऱ्या. बहुतेक इंग्रजी. मराठीत एखादी मिळाली तर आम्ही सण साजरा करायचो.

सुरुवात तू केलीस. ऑगस्टमध्ये मसाल्याला गिऱ्हाईक नसतं. मी गल्ल्यावर माशा मारत बसले होते आणि तू एक पुस्तक समोर टाकलंस. दोन पुरुष, एक बेकरी, बाहेर बर्फ. मी विचारलं, हे काय तसलं आणलंस? तू म्हणालीस, पन्नास पानं वाच, नाही आवडलं तर पुड्या बांधायला घे. दोन दिवसांत संपवून मी तुला फोन केला की हा बेकरीवाला सकाळी आठला उठतो, याची बेकरी चालते कशी? तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मग म्हणालीस, हेच लिही.

त्यातून आपले नियम झाले. प्रत एकच घ्यायची. आधी तू वाचायचीस, लाल पेन्सिल घेऊन, मग मी निळी. वाचून होईपर्यंत एकमेकींशी चकार शब्द नाही. मग रविवारी चारला दादरच्या त्या हॉटेलात, एकेका चिठ्ठीवर दहापैकी गुण आणि कारण म्हणून एक वाक्य, घडी घालून साखरेच्या भांड्याखाली. चहा आला की दोन्ही एकदम उघडायच्या. उघडल्यावर गुण बदलायचे नाहीत. अकरा वर्षांत आपले गुण एकदाही जुळले नाहीत. एका लेखिकेने पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडवला म्हणून तू तिचे तीन गुण कापलेस. मी बघायचे, भांडी कोण घासतं, भाडं कोण भरतं. चुंबनानंतर दूध उतू गेलेलं एकाही पुस्तकात नाही, असं मी लिहिलं ते वाचकांना फार आवडलं होतं.

आणि लपवाछपवी. ती आली की माझे दोन गुण गेले, हे सगळ्या वाचकांना पाठ होतं. दोघी दहा वर्षं एकत्र आहेत आणि जिवलग मैत्रिणीला पत्ता नाही, असं लिहिलेलं दिसलं की मी निळ्या पेन्सिलीने समासात 'पटत नाही' लिहून मोकळी व्हायचे. मैत्रीण काय आंधळी आहे? आणि ही बया तोंड उघडून एक वाक्य का बोलत नाही? यावर तू दरवेळी भांडायचीस. शांतपणे, पण सोडायची नाहीस. एकदा म्हणालीस, "शोभे, बोलायचं एकच वाक्य असतं, पण त्याच्या पुढची सगळी वाक्यं दुसऱ्यांच्या हातात जातात." मी म्हटलं, हे छान आहे, परीक्षणात घालू. घातलंसुद्धा. माझ्या नावावर.

तू सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचीस, शाळेत घालतात तसं. वर लेबल: भूगोल, इयत्ता नववी. मी तुझी टिंगल करायचे. सहा वर्षांपूर्वी मी कव्हर काढून तुझा एक फोटो काढला. तू हसतेयस, हातात पुस्तक, त्यावर दोन बाया एकमेकींच्या मिठीत. छान आला होता म्हणून आपल्या पानावर टाकला. सकाळी सातला तुझा फोन: काढ तो. मी म्हटलं, एवढं काय चोरी केल्यासारखं, आपण कुठे तसल्या आहोत, लोकांना काय बोलायचं ते बोलू दे की. तू फोन ठेवलास आणि दोन महिने भेटली नाहीस. शाळेत कुजबुज झाली असेल, एवढंच मला वाटलं. नंतर तू परत आलीस, साबुदाणा वडा मागवलास, आणि त्या दोन महिन्यांबद्दल आपण कधी बोललो नाही.

आता परवाचं सांगते.

सिसिलिया आली होती. तुझ्या शाळेतल्या संगीताच्या बाई, गिरगावच्या. गेली कित्येक वर्षं दर मे महिन्यात तूच तिला घेऊन यायचीस, त्यांच्या ख्रिस्ती घरांत वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात तो मसाला कुटायला. त्यांच्या घरची यादी माझ्या वहीत आहे. आमच्याकडे वही अशीच असते: एका घराचं एक पान, त्यावर त्या घराची यादी, मिरच्या किती, धणे किती, दगडफूल घालायचं की नाही. तुझ्या आईचं पानही होतं. पण बऱ्याच वर्षांपूर्वी तू तुझी यादी द्यायची बंद केलीस. म्हणालीस, एकटीला कितीसा लागतो, सिसिलियाच्या डब्यातूनच घेते थोडा. आणि त्याच वर्षी सिसिलियाच्या यादीत दगडफूल आलं. बाटलीच्या मसाल्यात तुझ्या आईच्या यादीत होतं तेवढंच दगडफूल. मी माझ्या हाताने ते लिहिलं. चाळीस पानांत कोण कुणाच्या गळ्यात पडणार हे ओळखणारी मी, मला वाटलं, यांना आपली चव आवडली वाटतं.

परवा ती एकटी आली. हातात मिरच्यांची पिशवी, वाळवलेल्या. म्हणाली, यातल्या निम्म्याच कुटा, बाकीच्या तुम्ही ठेवा, एकटीने नाही संपायच्या. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, वैजूचा वाटा तिच्या भावाकडे ठाण्याला पाठवू का?

"वाटा नव्हता, शोभाताई," ती म्हणाली. "एकच डबा होता."

डंख चालू होते. त्या आवाजात तिला हे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा जरा ओरडून. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. मी तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि पाणी दिलं.

अठरा वर्षं, वैजू. दर शनिवारी दुपारी तू गिरगावात तिच्याकडे जायचीस, रविवारी दादरला मला भेटून परत तिथेच, आणि सोमवारी तिथूनच शाळेत. आणि मला काय सांगितलं होतंस? शनिवार-रविवार गिरगावला शिकवणी असते. बरं, एवढ्यावर थांबायचं ना? मी विचारलं, कोण शिकतं, तर तू मला मृण्मयी दिलीस. हुशार पण धांदरट, हिमालय दर वेळी खाली ओढते, नर्मदेला पूर्वेला पाठवते. वडील कडक, आई भित्री. तिची गंमत तू मला दर रविवारी सांगायचीस. ती दहावी झाली तेव्हा मी अर्धा किलो पेढे दिले तुझ्याजवळ, वर चिठ्ठी लिहिली, 'नर्मदेला पश्चिमेकडे वळवल्याबद्दल अभिनंदन.' पुढच्या आठवड्यात तू म्हणालीस, चिठ्ठी वाचून ती खूप हसली. मग तिची धाकटी बहीण शिकायला आली.

मी सिसिलियाला विचारलं, मृण्मयी आहे कोण? ती म्हणाली, कुणीच नाही. मी विचारलं, पेढे कुणी खाल्ले?

"मी," ती म्हणाली. "आणि चिठ्ठी अजून आहे."

इतकी पुस्तकं तपासली मी. पात्र तकलादू आहे, घर खोटं वाटतं, आईबाप नुसते नावाला आहेत, असं लिहून कितीजणींना नापास केलं. तुझी मृण्मयी मी दहापैकी दहा देऊन गिळली.

मला राग कशाचा आलाय ते नीट सांगते, कारण तू लगेच म्हणशील की शोभीला स्वतःच्या आत काय आहे ते कळत नाही. तू बाईवर प्रेम केलंस याचा नाही. तेवढं तरी अकरा वर्षांत शिकले. राग हा आहे की मी तुला सगळं दिलं. आठव, माझं गर्भाशय काढलं तेव्हा तू पाच दिवस वॉर्डात माझ्या उशाशी बसून कादंबरी वाचून दाखवलीस. प्रेमाचे प्रसंगसुद्धा खारे वारे-मतलई वारे शिकवल्यासारख्या आवाजात, तोंडाने मराठी करत करत. पलीकडच्या खाटेवरच्या आजी चौथ्या दिवशी म्हणाल्या, बाई, ती दुसरी पोरगी परत आली का, तेवढं सांगा, मग मी घरी जाते. इतकं सुखाचं दुखणं कुणाला आलं नसेल. त्याच वॉर्डात मी तुला सांगितलं, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी बॅग भरून कणकवलीला गेले होते आणि परत यायचं नाही असं ठरवलं होतं. हे मी माझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तू माझा हात धरून ऐकलंस. तुझं सांगायची ती वेळ होती की नाही? खोलीत तू, मी आणि गाढ झोपलेल्या एक आजी. तू पुस्तक उघडलंस आणि पुढचं प्रकरण वाचायला लागलीस.

आणि सांगलीची ती मुलगी. सात वर्षांपूर्वी तिने पानावर विचारलं होतं, तुम्हा दोघींपैकी कुणी आमच्यातलं आहे का? असेल तर मला फार बरं वाटेल. आपण दादरला बसलो होतो. मी मोबाइल तुझ्यासमोर धरला, काय लिहू विचारलं. तू वडा खात होतीस. म्हणालीस, तुला योग्य वाटेल ते लिही. मी लिहिलं, 'नाही, आम्ही बाहेरच्याच आहोत, पण आम्हाला तुमच्या गोष्टी आवडतात.' तू ते वाचलंस. चटणी संपली होती, ती मागवलीस. त्या मुलीने लाल बदामाचं चिन्ह पाठवलं आणि परत कधी काही विचारलं नाही. ते खोटं माझ्या हाताने गेलंय, माझ्या नावाने. तू शेजारी बसून जाऊ दिलंस.

स्मशानात काय झालं तेही ऐक. सगळे माझ्याकडे आले. मला खुर्ची, मला पाणी, मला पाठीवर हात. तुझा भाऊ मला ताई ताई करत होता. तुझा चष्मा त्याने रुमालात बांधून माझ्या हातात दिला, तुम्हीच ठेवा म्हणाला. सिसिलिया शाळेच्या घोळक्यात मागे उभी होती, मला दिसली, मी तिला मानेनेच बरं केलंत आलात असं केलं. परवा मी तिला विचारलं, भावाला तरी ठाऊक होतं का?

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "म्हणून तर तो ठाण्याला गेला."

म्हणजे तो चष्मा तिच्या डोळ्यांदेखत, तिला वगळून मला दिला. मला वाटत होतं माझा मान आहे. मी खाकी कव्हर होते, वैजू. भूगोल, इयत्ता नववी. आणि ते तू घातलं होतंस, त्याने नुसतं वापरलं.

शेवटी मी तिला विचारलंच की मला का नाही सांगितलं. तुला भीती होती का माझी?

तिने ग्लास खाली ठेवला. म्हणाली, "तुमची नाही. तुम्ही मदत कराल, याची."

मला आधी हसूच आलं. मग तिने सांगितलं, तू काय म्हणायचीस ते. शोभीला कळलं तर ती त्याच संध्याकाळी मिठाई घेऊन ठाण्याला भावाकडे जाईल. वकील शोधेल. शाळेत मोठ्या बाईंना भेटून येईल. पंधरा दिवसांत सगळं नीट करेल आणि मग आम्हाला राहायला जागाच उरणार नाही.

गेले असते. ठाण्याला नक्की गेले असते, मिठाई कुठली घ्यायची तेही ठरलंय आत्ता माझं. पण तू मला सांगू शकत होतीस की गप्प बस. मला गप्प बसता येत नाही, हे तू कशावरून ठरवलंस? एकदा तरी बसवून बघायचंस. तू मला गोष्टीतली मैत्रीण करून टाकलीस, जिला लेखिका मुद्दाम काही कळू देत नाही, कारण कळलं तर तिचं काय करायचं ते लेखिकेला सुचत नाही.

जाताना सिसिलियाने पिशवीतून आपलं शेवटचं पुस्तक काढलं. बेटावरच्या त्या दोघी म्हाताऱ्या, होडी चालवणाऱ्या, आणि त्यांची किनाऱ्यावरची मैत्रीण, जिला वीस वर्षं पत्ता नाही. तू निवडलेलं. तुझं वाचून झाल्यावर मी वाचलं आणि तुला परत दिलं, रविवारी चिठ्ठ्या उघडायच्या होत्या. शुक्रवारी तू गेलीस. सिसिलिया म्हणाली, त्या रविवारी वैजू तुम्हाला सांगणार होती. पुस्तक त्यासाठीच निवडलं होतं.

मी विचारलं, अशी याआधी किती वेळा सांगणार होती?

ती खोटं बोलू शकली असती. म्हणाली, "दर वर्षी एखाद्या पुस्तकाला."

त्या बाईबद्दल मला तिथे पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

तुझी चिठ्ठी पुस्तकात होती, घडी घातलेली, तिने उघडलेली नव्हती. माझी माझ्या पाकिटात होती. मला वाटलं, आता यात तुझं पत्र असणार. माफ कर शोभे, वगैरे. नियम म्हणजे नियम. मी तिला तुझी उघडायला सांगितली आणि माझी मी उघडली, एकदम.

तू लिहिलं होतंस: 'सहा. शेवट घाईत उरकला. मैत्रीण नीट लिहिलेली नाही.'

मी लिहिलं होतं: 'चार. वीस वर्षं जवळच्या मैत्रिणीला कळत नाही, हे पटत नाही.'

दोघी मिळून किती हसलो ते तुला दाखवायला हवं होतं. डंखावरच्या बाया आत डोकावून गेल्या.

उघडल्यावर गुण बदलायचे नाहीत, हा नियम मी आज मोडतेय. लपवाछपवीचे कापलेले दोन परत करते, या पुस्तकाला आणि मागच्या सगळ्यांना. लेखिकांचं बरोबर होतं. मैत्रिणीला कळत नाही. ते दोन गुण तुला मिळालेत असं समजू नकोस, तुझ्यावरचा राग तसाच आहे. तो उतरेल तेव्हा उतरेल, तुला सांगायला येणार नाही.

चष्मा मी सिसिलियाला दिला. तिने रुमाल सोडून काचा पदराने पुसल्या आणि पर्समध्ये ठेवला, जणू संध्याकाळी तुला द्यायचाच आहे. वहीतल्या तिच्या पानावर मी वर तुझं नाव लिहिलं, तिच्या नावाच्या शेजारी. मिरच्या सगळ्या कुटून दिल्या. निम्म्या कशाला, मसाला वर्षभर टिकतो. हे सगळं लिहू का, असं मी तिला दारात विचारलं. म्हणाली, लिहा, माझं नावही घाला. फक्त मदत करू नका.

करत नाहीये. एकच काम केलं, ते माझंच होतं. सांगलीच्या त्या मुलीचा जुना प्रश्न शोधून काढला. ती आता मुलगी राहिली नसेल. सात वर्षांपूर्वीचं माझं उत्तर तिथेच होतं, खाली तिचा बदाम. मी ते पुसलं नाही. त्याखाली लिहिलं:

'मी चुकीचं सांगितलं होतं. होय, आमच्यात एक होती. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच बसली होती.'